तिरक्या दगडांबद्दल ताईला

सौ. ताईस,

धाकट्याचा नमस्कार. तुझ्या गुडघ्याची सूज उतरली असेल आणि जिना चढणं जमत असेल अशी आशा आहे. इकडे आम्ही दोघंही ठीक. माझं डोकं तेवढं नऊ दिवस तापलेलं आहे आणि त्यावर औषध नाही, कारण ज्यांच्यामुळे ते तापलं ते तुझ्या घरी खुर्ची टाकून बसले आहेत. (दाजी हे पत्र वाचत असतील तर त्यांनी इथेच थांबावं.)

दाजींना आठ दिवस हवापालटाला माझ्याकडे पाठवायची कल्पना तुझी. चाळीस वर्षं गवंडीकाम केलेला माणूस घरी बसला की भिंती ठोकून बघत फिरतो, तुला ती ठकठक सोसवेना, म्हणून तू ती माझ्याकडे रवाना केलीस. त्याबद्दल मी काही बोलत नाही. पण मी काय काम करतो ते त्यांना नीट सांगून तरी पाठवायचंस. 'तो मासे पाळतो' एवढंच तू सांगितलंस म्हणे. ताई, मी मासे पाळत नाही. मी काचेच्या टाकीत दगड आणि पाण्यातली झाडं अशी मांडतो, की बघणाऱ्याला आपण ओढ्याकाठी वाकून बसलोय असं वाटावं. मासे सगळ्यात शेवटी येतात आणि सगळं कौतुक घेऊन जातात, ही गोष्ट वेगळी.

तर एका दातांच्या डॉक्टरांनी त्यांच्या दवाखान्यात, रोगी जिथे घाबरून बसलेले असतात त्या खोलीसाठी, चार फुटी टाकी सांगितली होती. त्यासाठी मी तीन आठवडे दगड शोधले. नदीच्या पात्रात, खाणीच्या कडेला, एका पाडलेल्या घराच्या ढिगाऱ्यात सुद्धा. एकेक दगड घरी आणून त्यावर व्हिनेगर ओतलं. (फसफसला की बाद. तसला दगड पाणी जड करतो आणि झाडं झुरतात. तुझ्या भावजयीची बाटली यात संपली, त्यावरून आमचं जे भांडण झालं ते अजून चालूच आहे.) शेवटी पाच दगड उरले. जेवणाच्या टेबलावर टाकीच्या मापाचा पुठ्ठा अंथरून मी ते एकमेकांच्या आधाराने मांडले, सगळे एकाच बाजूला कललेले, जणू वर्षानुवर्षं पाण्याने रेटलेत. सगळ्यात मोठा अकरा किलोंचा. त्याचा कल जमायला मला चार दिवस लागले. त्या चार दिवसांत आम्ही मांडीवर ताट घेऊन जेवलो. दाजीही जेवले, पण प्रत्येक घासाला त्या दगडांकडे असे बघायचे, जसं कुणी शेजाऱ्याच्या बिघडलेल्या मुलाकडे बघावं.

पाचव्या दिवशी मी झाडं आणायला गेलो. दोन तासांनी परत येऊन बघतो तर दिव्याच्या वायरला भिंतीचा सरळपणा बघायचा ओळंबा लटकतोय, दाजी चष्मा कपाळावर चढवून टेबलावर वाकलेत आणि माझे तीन दगड शाळेच्या प्रार्थनेला उभे राहावेत तसे ताठ उभे आहेत. हवापालटाला येताना कोण ओळंबा घेऊन येतं, ताई? मी तिथेच, झाडांच्या ओल्या पिशव्या हातात घेऊन, बोलायला लागलो. बरंच बोललो. ते काहीतरी सांगायला बघत होते, मी सांगू दिलं नाही. शेवटी म्हणालो, "तुम्ही जन्मभर सरळ भिंती बांधल्यात, त्यातली एक तरी कुणी थांबून बघितली का?"

त्यांनी चष्मा कपाळावरून खाली ओढला. ओळंब्याची दोरी गुंडाळली, कपडे भरले आणि दुपारच्या बसने निघाले. दारात फक्त एवढंच म्हणाले, "मोठा दगड बसलेला नव्हता. नुसता टेकला होता." मी म्हटलं, टेकला तर टेकू दे. दगडांखाली त्यांनी दगडाच्याच बारीक चिपा ठोकून ठेवल्या होत्या, त्या मी काढून केराच्या डब्यात टाकल्या. तुझी भावजय दोन दिवस माझ्याशी फक्त भाजी संपल्याचं बोलली.

शनिवारी मी दवाखान्यात मांडणी केली. टाकीच्या तळाची माती दगडांना धरून ठेवील असा माझा हिशेब. डॉक्टरांनी बघितलं आणि म्हणाले, छान आहे, पण हे दगड वाकड्या आलेल्या अक्कलदाढांसारखे दिसतात. (वीस वर्षं लोकांच्या तोंडात बघितल्यावर माणसाला निसर्गात दुसरं काय दिसणार?) तो अपमानही मी गिळला. मंगळवारी सकाळी मोठा दगड चार बोटं सरकला आणि समोरच्या काचेवर जाऊन आदळला. काच तडकली आणि पाणी गळायला लागलं. ते पहिल्यांदा दिसलं एका काकांना, ज्यांचा अर्धा जबडा नुकताच बधिर केला होता. ते काचेकडे बोट दाखवून 'फाफी, फाफी' म्हणत राहिले आणि सगळ्यांना वाटलं, त्यांना प्यायला हवंय. डॉक्टरांच्या मदतनीस बाईंनी पाण्याचा पेला आणून दिला. तोवर दोनशे लिटर पाणी खोलीभर झालं होतं. मी पोचलो तेव्हा त्याच बाई गुडघ्यावर बसून मासे वेचत होत्या, चूळ भरायच्या पेल्यांत, प्रत्येकाला एक. तेवीस मासे, तेवीस पेले. एकही मेला नाही, हे मी अभिमानाने सांगायला हवं, पण त्यात माझा हात नव्हता.

डॉक्टर पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडून पाणी ओढत होते. रागावले नाहीत, त्याचाच मला जास्त राग आला. म्हणाले, "दात वाकडा असला तरी चालतो हो. मुळाशी घट्ट हवा." तेव्हापासून मला झोप नाही. जगात जो भेटेल तो मला दगड शिकवतोय.

आता पुरे. तब्येतीला जप, गुडघा शेकत जा. दाजींना काही सांगायचं कारण नाही.

तुझा,
धाकटा

ता. क. : काल तो पुठ्ठा फाडून टाकायला बाहेर काढला. त्यावर प्रत्येक दगडाच्या बुडाभोवती पेन्सिलीने रेघ ओढलेली आहे आणि बाजूला माझ्याच मांडणीतला कल आखून लिहिलेला आहे, अंशांत. दाजी दगड सरळ करत नव्हते. एकेक उभा करून, खाली चिपा ठोकून, परत माझ्या कलात बसवणार होते. मोठ्याचं झालं होतं. तो मी आलो तेव्हाही तिरकाच होता. मी फक्त ताठ उभे असलेले तीन बघितले.

ता. क. २ : डॉक्टरांनी नवी काच बसवून घेतली आहे आणि मला परत बोलावलंय, या शुक्रवारी. चिपा कशा ठोकतात ते मला येत नाही. दाजींना फोन करायचं मनात येतं, पण त्यांनी उचलून 'बोल' म्हटलं तर पुढे काय बोलायचं ते जमत नाही. तूच विचार. पुठ्ठा मी सपाट करून ठेवलाय असंही सांग.

ता. क. ३ : ते नाही म्हणाले तर मला कळवू नकोस. गुरुवारी सकाळी दहाच्या बसला मी स्थानकावर उभा असेन. कुणी उतरलं नाही तर तुझ्या भावजयीला सांगेन की उगाच पाय मोकळे करायला गेलो होतो.