तीन पायांची हंडी

३ डिसेंबर २०१२

आमचा पोरगा टेकचंद डर्बनला परत गेला. आणि बायको आमच्या गळ्यात घालून गेला! नाव नोमुसा. काळी, धिप्पाड. सोबत काय आणलं तर तीन पायांची लोखंडी हंडी! विमानातून!

मी तिला हाकलणार नाही. उन्हाळ्यात टेकचंद येईल, तेव्हा तीच म्हणेल — मला घेऊन चल. तेवढी सोय मी करीन.

५ डिसेंबर

माझ्या चुलीला हात लावायचा नाही, सांगून टाकलं. "तुही हंडी बाहेर मांड." गोठ्याजवळ जागा दिली. ताटलीही वेगळी. खाली मान घालून "जी माँ" म्हणाली. डोळ्याला डोळा भिडवत नाही. लबाड!

९ डिसेंबर

मक्याचं पीठ शिजवते, कोरडं, भुरभुरीत. मोडक्या हिंदीत सांगत होती — माहेरी हे आंबट दुधात कालवून खातात. टेकचंदचे बाबा भोळे. म्हणाले, "दही हाये ना घरी, घे ना बाई." तर ही मागे सरकली! हात पाठीमागे. नाही म्हणजे नाही.

आमच्या म्हशीचं दही हिला चालत नाही! ताटली वेगळी केली मी, आणि सोवळं पाळते ही!

१० डिसेंबर

आज तिला भाजी दिली नाही. कोरडंच खाल्लं, वरून पाणी प्यायली.

१६ डिसेंबर

शेजारची सुशिलाबाई हसत हसत — "काऊन वो, तुही सून तुया घरचं दही नाई खात म्हन्ते?" गावभर झालं! मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

२३ डिसेंबर, रविवार

नवेगाव बांधहून दीर-जाऊ आले. ह्यांची हौस — सुनेच्या हातचं खायचं!

सकाळीच हंडी चढली. तळाशी बकऱ्याचं मटण, त्यावर कांदे, बटाटे, सगळ्यात वर कोहळ्याच्या फोडी. पाणी नावाला. तिकडे एका गोऱ्या शेतकऱ्याच्या घरी स्वयंपाकाला होती, तिथे शिकली म्हणे. नियम एकच — ढवळायचं नाही. निखारा इकडचा तिकडे सरकवत दिवसभर धुरात बसून. दुधराम भाऊजींनी झाकणाला हात घातला, तर तिनं हसून बाजूला केला. "वास तं पहा वहिनी!" — सगळे तिच्याभोवती! माझं डोकं फिरलं.

वाढायच्या आधी दह्याचा गंज उचलला. तिच्यासमोर हंडीचं झाकण काढलं, सगळं दही ओतलं आणि उलथन्यानं बुडापासून ढवळलं. कोहळ्याचा पार लगदा! तिच्या ताटलीत भरून तिच्यासमोर धरली. "घे, खा आता! नाई तं उपाशी राय!" उपाशीच राहावी, सगळ्यांदेखत, एवढंच मला हवं होतं.

तिनं ताटलीकडे पाहिलं. मग गुडघे टेकून बसली आणि दोन्ही हात पुढे केले. भिकारणीसारखे! खाल्लं तिनं. डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि खात होती. ताटली बोटानं पुसून खाल्ली.

मोडली एकदाची! फार बरं वाटलं.

२४ डिसेंबर

काय बाई ही! सकाळी न विचारता माझ्या चुलीपाशी येऊन बसली. भात टाकला. शिंक्यावरचं विरजण काढून मला दाखवलं, लागलं म्हणून! वर हसते. काल एवढं करूनही! मी इतकी थक्क झाले की हाकलायचंही सुचलं नाही.

२५ डिसेंबर

टेकचंदचा फोन. रडत होता.

"आई, तिनं सांगतलं मले. त्यायच्यात सासरचं दही सून मागत नाई, घेत बी नाई. सासू आपल्या हातानं देते, तवा ते घर तिचं होते. चार लोकायसमोर देल्लं तुनं! मी तं तुले काईच सांगतलो नोहतो... तुले कसं समजलं वं?"

म्हटलं, "समजलं बापा." दुसरं काय सांगणार होते?

तिनं माझं ताट वाढलंय. हाक मारते आहे. मला उठायची भीती वाटते.