हवेच्या पेपरांची शिरगणती

नळदुर्ग, सोमवार

तीर्थस्वरूप श्रीदेवी अक्काच्या चरणी धाकटा भाऊ नंदीश याचे शरणु शरणार्थी.

आम्ही सगळे ठीक आहोत, आप्पांचा उजवा गुडघा सोडून. पण तो इतकी वर्षं दुखतोय की आता त्याला घरातलाच धरतो. तुझी तब्येत कशी आहे? दिल्लीत खोकला येत असेल. (तू हवेच्या प्रदूषणावरच संशोधन करतेस, तेव्हा खोकला हा कामाचाच भाग का, असं अव्वा विचारते.) पत्र अशासाठी की फोनवर तू दीड मिनिटात "पेपर चाललाय रे" म्हणून ठेवून देतेस. पत्राला तसं करता येत नाही. तीन दिवाळ्या झाल्या, तू आली नाहीस. अव्वा तुझ्या वाटणीच्या शेंगापोळ्या बाजूला काढते आणि आठ दिवसांनी मला खायला घालते. माझं वजन वाढलंय ते तुझ्या आठवणीनं.

तर माझे प्रताप ऐक. कॉलेजच्या ग्रंथालयात मी पुस्तकांना नंबर चिकटवतो हे तुला ठाऊक आहे. यंदा आमच्या रणधीर सरांच्या मनात आलं की आपल्या देशात हवेच्या प्रदूषणावरचं संशोधन वीस वर्षांत किती वाढलं ते मोजायचं. हवा नव्हे, संशोधन. (हायवेच्या ट्रकांची काजळी आपल्या ओट्यावर बोटानं नाव लिहिण्याइतकी साचते; ती कुणी मोजत नाही. जे मोजतात त्यांना आम्ही मोजायचं.) निवडक मासिकांतल्या पेपरांच्या वर्षवार याद्या सरांनी काढल्या आणि मोजायला मला दिल्या.

आता मोजणीतला माझा अनुभव म्हणजे कल्याणप्पा काकांच्या लेकीचं लग्न. तेव्हा आवतणं चूलबंद होती, म्हणजे त्या दिवशी घरात चूल पेटवायची नाही, झाडून सगळ्यांनी जेवायला यायचं. मी चुली मोजल्या, माणसं मोजली नाहीत, आणि तिसऱ्या पंगतीला हुग्गी संपली. काका अजून माझ्याशी नीट बोलत नाहीत. म्हणून या खेपेला मी शहाणपणा केला आणि पेपर न मोजता त्यांवरची नावं मोजली. एका पेपरवर बावीस जण असतील तर बावीस. (एका कामाला बावीस माणसं लागतात, मग ग्रंथालयात मी एकटा का, हा प्रश्न मला तेव्हाच पडला.)

परिणाम असा की सरांच्या आलेखातली रेघ शेवटच्या वर्षांत थेट कागदाबाहेर गेली. धाराशिवच्या परिषदेत सरांनी ती अभिमानानं दाखवली, देश जागा झालाय म्हणाले, टाळ्याही पडल्या. मग मागच्या रांगेतल्या एका बाईंनी विचारलं, एवढे पेपर आहेत तरी कुठं? सरांनी माझ्याकडं पाहिलं, मी पंख्याकडं. चहासुद्धा न घेता आम्ही नळदुर्गची एसटी धरली.

मग शिक्षा म्हणून सगळं पहिल्यापासून, एकेक पेपर, नावानिशी आणि महिन्यानिशी. त्यातच तू भेटायला लागलीस. पहिल्यांदा तुझं नाव दिसलं त्या दिवशी मी घरी येऊन सांगितलं, अव्वानं देवापुढं गूळ ठेवला. मग रोज संध्याकाळी आप्पा दारात उभे, "आज घावली का रं श्री?" म्हणून. एका वर्षी तीन, पुढच्या वर्षी पाच. त्या पेपरांतलं मला अक्षर कळत नव्हतं, पण नाव दिसलं की तू पलीकडच्या खोलीत अभ्यासाला बसलीयस असं वाटायचं. अक्का, तुझी फार आठवण येते. यादी संपूच नये असं वाटत होतं. एकूण अकरा भरले.

सरांची रेघ आता माणसात आली आहे. बाकी लिहिण्यासारखं काही नाही. जपून राहा, वेळेवर जेव.

तुझा,
नंदीश

ता. क. : बाकी काही नाही असं वर लिहिलं, ते खरं नाही. तुझा अकरावा पेपर दोन वर्षांपूर्वीच्या फेब्रुवारीतला आहे. पुढच्या याद्या मी तीनदा पाहिल्या. सगळ्यांचे पेपर वाढतच गेलेत, तुझा एकही नाही. आणि तू मात्र फोनवर अजून पेपर चाललाय म्हणतेस. मी मोजण्यात चुकतो हे आता जिल्ह्याला माहीत आहे. याही वेळी चुकलो असेन तर बरंच.

आणखी ता. क. : अव्वाला बोललो नाही. तिला मी दर आठवड्याला एक नवा पेपर सापडल्याचं सांगतो. तिच्या लेखी तू चोविसाव्यावर आहेस. आप्पांनी मात्र विचारायचं बंद केलं. काल ओट्यावर बसून म्हणाले, "काम सुटलं आसंल तर सुटू दे. तिला म्हनावं, घरला ये." गाडी कोणती ते कळव, आम्ही दोघं सोलापूर स्टेशनला येतो. का आलीस हे विचारायचं नाही, असं आप्पांनी माझ्याकडून कबूल करून घेतलंय, आणि मी त्यांच्याकडून.