ढेकूळ उडालं

उदगीर. माघ, मंगळवार.

नव्या लातूर जिल्ह्याच्या कचेरीत बदली मागायची का, यावरून मालननं कालपासून अबोला धरला होता. मला लातूर हवंय, तिला नको. तरी संध्याकाळी दोघं तळ्याकडं गेलोच, न बोलता. दुष्काळानं तळ्याचं डबकं झालंय. काठाला एक ढेकूळ होतं, त्यावर बसावं म्हणून निघालो, तर मालननं दंड धरला. ढेकळाला पिवळट पाय!

ढोकरी. तो भुरा बगळा. मान खांद्यात खुपसलेली, अंगावर चिखलाच्याच रेघा. किती वेळ हलला म्हणून नाही. मग एकदम मान हातभर लांब सुटली अन् चोचीत मासळी! आमची चाहूल लागून उडाला, तर पंख पांढरेशुभ्र. एवढं पांढरं दडवलं कुठं होतं?

"अगं बया, ढेकूळ उडालं की!" मालन म्हणाली. कालपासूनचं पहिलं वाक्य. मग हसतच राहिली. मीही. ढेकूळ उडालं! आत्ता लिहितानाही हसू येतंय.

घराजवळ आल्यावर तिनं हळूच विचारलं, "लातूरला तळं हाय का वो?"

मी बेधडक "हाव" म्हणालो.

आहे का पण?