रोज नांगरलं जाणारं खाचर

ओम स्वस्तिअस्तु.

चिरंजीव नेंगाह यास थोरल्या बहिणीचे, रास्मिनीचे, पोटभर आशीर्वाद. तू, सुलास्त्री, मुलं आणि दोन्ही बैल खुशाल असाल अशी आशा आहे. (बैल खुशाल आहेत हे मी काल सकाळी स्वतः पाहिलं. डावा जरा सुटलाय.) तुझी कंबर कशी आहे? माझ्या गुडघ्यांचं तू विचारत नाहीस, तेव्हा त्यांचं बरं चाललंय असं धरून चालू.

कागदावरचं छापील नाव पाहून दचकू नकोस. मी देनपसारला नाही. तुझ्या समोर, नदीच्या अलीकडच्या काठावर, त्या बांबूच्या रिसॉर्टमध्ये उतरले आहे. अर्तिनीला बँकेकडून इथला मुक्काम बक्षीस मिळाला, पण रजा मिळाली नाही, म्हणून तिने आईला पाठवून दिलं. दारातल्या मुलीने मला इंग्रजीत विचारलं की बालीत पहिल्यांदाच येताय का. मी हो म्हणून बसले. (चष्मा काळा होता आणि पँट अर्तिनीची. शिवाय इतक्या अदबीने मला उभ्या नोकरीत कुणी काही विचारलं नव्हतं.) एकदा हो म्हटल्यावर सगळंच नव्याने बघावं लागलं. तिने मला केळीचं झाड दाखवलं, मी चकित झाले. मग खोली. न्हाणीला छप्पर नाही. आईने बाबांच्या मागे छपरासाठी किती वर्षं भुणभुण लावली होती आठवतं ना? इथे छप्पर नाही हाच मान. जेवायला कसावाच्या कंदाचे तीन काप आले, वर एक फूल. ज्या कंदावरून आपण दोघं लहानपणी रडायचो, तो मी काट्याने खाल्ला आणि वाढणाऱ्याला छान म्हणाले. खरंच छान होता, हे अजून वाईट.

तर काल न्याहारीला बसले होते. वाढपी वाकून म्हणाला, "आता शेतकरी येतील हं, मॅडम." सगळे खुर्च्या सरकवून कठड्याशी गेले, मीही गेले. आणि खालून आलास तू. डोक्यावर ती टोकेरी बांबूची टोपी. (टायरवाल्यांची फुकटची टोपी सोडून तुझ्या डोक्यावर मी दुसरं काही पाहिलेलं नाही.) वरच्या खाचरात नांगर घातलास, मग खालच्यात, मग कपाळ पुसलंस, आभाळाकडे पाहिलंस आणि बैल वळवून गेलास. लोकांनी टाळ्या वाजवल्या. शेजारच्या एक गोऱ्या बाई डोळे पुसत मला विचारू लागल्या, हा माणूस मनात काय म्हणत असेल? मी म्हटलं, भाताच्या देवीचं, देवी श्रीचं नाव घेत असेल. तू कॉफीचा विचार करत होतास हे मला वरून दिसत होतं, पण परक्यांपुढे भावाची अब्रू कोण काढणार.

मला आधी हसू आलं. आज सकाळी पुन्हा तोच चिखल, तेच कपाळ, तेच आभाळ, तेव्हा हसू गेलं. आजूबाजूच्या सगळ्या खाचरांत रोपं वीतभर झालीत आणि मधोमध आपली जमीन, नुसती उकरलेली. मागच्या फोनवर तू म्हणालास, पाऊस लांबला म्हणून लावणी राहिली. अरे, पाऊस काय फक्त तुझ्यापुरता लांबतो? शेवटी कपडे धुवायच्या खोलीत आपल्या गावची सारीची आई भेटली. (तिने मला पाठमोरी ओळखलं आणि म्हणाली, "बाई, चाल तीच आहे, पँटीने काय होतंय.") तिच्याकडून कळलं की तू सलग दोन हंगाम लावणी केलेली नाहीस, आणि पाणीवाटपाच्या बैठकीत, सुबाकमध्ये, ठरलंय की येत्या पौर्णिमेपर्यंत रोपं उभी राहिली नाहीत तर तुझी पाण्याची पाळी खालच्या लोकांना द्यायची. पाणी गेलं की चिखल गेला, चिखल गेला की तुझे फेरे गेले. इथले मॅनेजर हरतोनो त्याचीच वाट बघत आहेत. त्यांनी मला, परकी समजून, मोठ्या हौसेने नकाशा दाखवला. आपल्या वरच्या खाचरात ध्यान करायचा मंडप येणार आहे.

मी तुला दोष देत नाही. भात लावून घर चालत नाही आणि नांगर धरून दाखवला की चालतं, हे तुझं गणित बरोबर आहे. मी गणितच शिकवत आले. पण ज्या मातीतून दाणा यायचा नाही ती रोज नांगरायची, याने माणूस आतून थकतो रे. आज आभाळाकडे बघताना तू थकलेला दिसलास, आणि ते नाटक नव्हतं. तेव्हा लाव भात. आणि लोकांपुढे असली सोंगं करणं आपल्या घराला शोभत नाही, एवढंच सांगायला हे पत्र.

ओम शांती शांती शांती ओम.

तुझी ताई,
रास्मिनी

ता. क. सोंगावरून आठवलं. हरतोनोंशी मी पुन्हा बोलले. म्हटलं, पाहुण्यांना नुसता चिखल काय दाखवता, वरच्या खाचरात लावणी दाखवा, खालच्यात नांगर चालू दे. त्यांना पटलं. (मंडपाला पैसे लागतात, लावणीला लागत नाहीत, हे त्यांना लगेच पटलं.) फक्त अट घातली की लावणीला एखादी म्हातारी हवी, जुनी गाणी म्हणणारी. मी म्हटलं, एक माझ्या पाहण्यात आहे. टोपी मात्र मी ती टोकेरी घालणार नाही.

दुसरा ता. क. म्हातारीला राहायला जागा लागेल. जमिनीत वाटा नको, लेकीला तो नसतो हे मला ठाऊक आहे. आईची खोली पुरे. हे गेल्यापासून देनपसारला मी एकटीचा भात शिजवते, तो दोन दिवस संपत नाही. तू दर फोनवर म्हणतोस, "ये की ताई कधीतरी." कधीतरी म्हणजे कधी, हे विचारायची लाज वाटली, म्हणून आपल्या घरासमोर पाहुणी होऊन बसले. पत्र सारीच्या आईबरोबर पाठवते आहे. उत्तर लिहू नकोस. उद्या सकाळी वरच्या खाचरात नांगर घालू नकोस, म्हणजे मला समजेल. घातलास, तर मी सगळ्यांबरोबर टाळ्या वाजवीन आणि दुपारच्या गाडीने देनपसारला जाईन.