मीठघर आणि रोनाचे जोडे

मी, ग्रिझेल टॉड, वय एक्क्याऐंशी, राहणार मीठघर, इनरक्रेग, स्कॉटलंड, पूर्ण शुद्धीत हे मृत्युपत्र करत आहे. गुडघे गेले, डोके जागेवर आहे. जमीनदार सर टॉर्क्विल कोर्टात याउलट म्हणाले, तर त्यांचेही डोके तपासावे. आत काही सापडल्यास मला कळवायची गरज नाही.

१. घर. इस्टेटीत एवढे एकच घर जमीनदाराचे नाही. त्यांच्या आजोबांना जुगारापायी ते विकावे लागले आणि माझ्या आजोबांनी घेतले. याच दारासमोर आमच्या पिढ्यांनी लोखंडी कढयांत समुद्र आटवून मीठ केले. आता तिथे सर टॉर्क्विलचे वारसा केंद्र आहे, आणि माझ्या स्वयंपाकघरात त्यांना भेटवस्तूंचे दुकान थाटायचे आहे. मला म्हणाले, "ग्रिझेलबाई, तुमच्या माणसांनी आमचं मीठ खाल्लंय, जरा जाण ठेवा."

मी म्हटले, "मीठ केलं आम्ही, खाल्लंत तुम्ही. मग मिठाला जागायचं कुणी?"

ते हसले. न कळता हसणे त्यांच्या घराण्यात वंशपरंपरेने चालत आले आहे.

२. मीठ ओढायचे दाताळे शेजारच्या ह्यू पिटकेर्नला द्यावे. तो त्याने डुकरांची घाण ओढील. केंद्रात काचेमागे ठेवण्यापेक्षा ते बरे.

३. मला पुरताना शवपेटी खड्ड्यात सोडायची एकही मानाची दोरी सर टॉर्क्विलच्या हाती देऊ नये. आमच्या दोऱ्या त्यांच्या घराण्याने पुष्कळ धरल्या.

४. माझी भाची एल्स्पेथ. केंद्रातल्या फलकावर लिहिले आहे की दयाळू जमीनदार मीठकामगाराच्या प्रत्येक बाळाला बाप्तिस्म्याला जोडे देत. दयाळू म्हणे! बापाने जोडे घेतले की ते बाळ जन्मभर कढईला बांधले जाई. मोठेपणी पळाले तर चोर म्हणून धरून आणत, कारण त्याने स्वतःलाच चोरून नेलेले असे.

गेल्या रविवारी सर टॉर्क्विलच्या पत्नी लेडी हनोरियांनी एल्स्पेथच्या तान्ह्या रोनाच्या पायांत 'जुन्या प्रथेप्रमाणे' जोडे घातले, फोटो काढून घेतला, आणि त्याच दमात एल्स्पेथला म्हणाल्या, "आत्याबाईंच्या मागे घर आम्हाला दे, केंद्रातलं उपाहारगृह तू सांभाळ."

एल्स्पेथ मला म्हणते, "आत्या, जोडेच तर आहेत गं!"

"तेव्हाही जोडेच होते, बाई."

म्हणून घर एल्स्पेथला आणि तिच्यामागे रोनाला, पण जोडे परत गेले तरच. नाहीतर घर ह्यूला, डुकरांसाठी. डुकरे निदान फलक तरी लावत नाहीत. हे रागाच्या भरात लिहिलेले नाही, असे नमूद करायला वकील सांगतो. मी रागानेच लिहीत आहे. एल्स्पेथवर माझा जीव आहे, आणि ती त्यांच्या दावणीला बांधली गेली तर मला कबरीतही चैन पडणार नाही.

हा मजकूर सर्वांसमोर मोठ्याने वाचला. एल्स्पेथने बाळाचे जोडे सोडले, बाळाला कडेवर घेऊन चालत गेली आणि जोडे जमीनदाराच्या बंगल्याच्या फाटकाला नाडीने टांगून आली. डुकरांचे नुकसान झाले.

इनरक्रेग, ९ नोव्हेंबर २०१९
सही: ग्रिझेल टॉड
साक्षीदार: ह्यू पिटकेर्न, डुकरांचा मालक
आयसा म्यूर, पोस्टमास्तरीण
हजर: रोना, वय चार महिने, अनवाणी