शस्त्रक्रियेविना भरलेली जखम

इंदूर

तीर्थरूप दादांस श्रीनिवासचा नमस्कार.

गुदद्वाराच्या चिरेची शस्त्रक्रिया टळली, काळजी नसावी. आवळलेला स्नायू डॉक्टरबाईंच्या मलमाने सैल होतो, तेथे रक्त पोहोचते आणि शरीर स्वतःच जखम भरून काढते! हे अनुभवून मी थक्क झालो आहे. कोमट पाण्यात बसण्यानेही आराम पडला.

दुखते म्हणून मी वालाचे बिरडे सोडून पेजेवर राहिलो होतो. डॉक्टरबाई हसल्या, “अहो, पेजेने कोठा साफ होतो का? वाल खा, भाज्या खा, भरपूर पाणी प्या.”

वहिनींकडून फोनवर कळले, हल्ली तुम्हीही चहा उभ्यानेच घेता. रक्त जात असेल तर लपवू नका. रोह्यात ओळखीचे भेटतील असा संकोच वाटत असेल, तर पेणला दाखवा, पण दाखवा.

आपला धाकटा,
श्रीनिवास