मागच्या सीटवरून

व्हेर्नई, १७ जून, मंगळवार

प्रिय गिस्लेन वन्सं,

तुमचं पत्र पोचलं. गुडघ्याचं दुखणं कमी झालं असेल, अशी आशा करते. इकडे यंदा चेरी भरपूर आल्या आणि पक्ष्यांनी सगळ्या खाल्ल्या. मार्सियालची चौकशी केलीत. जेवतो नीट. "माझ्या भावाला परक्यांच्या हाती देऊ नकोस, आधी मला विचार," असं तुम्ही पुन्हा लिहिलंय. त्यावर येते. आधी रविवारचं सांगू द्या.

रविवारी आम्ही जोडसायकल बाहेर काढली. कोठारात कधीपासून धूळ खात होती. मला वाटलं, हा विसरला असेल. कसलं काय! सकाळी बूट कुठल्या पायात घालायचा ते न कळणारा माणूस, पण हँडल हाती आलं आणि टुणकन पुढच्या सीटवर बसला. "चढ गं म्हातारे, उशीर होतोय," म्हणाला. ब्रेक, गिअर, खड्डा आला की हाक, सगळं जागच्या जागी.

आमची पद्धत तुम्हाला ठाऊक आहे. हँडल त्याचं, नकाशा माझा. मला मागून त्याची पाठच दिसते, आणि दर फाट्यावर तो मान न वळवता विचारतो, "आता?" मी डावीकडे म्हटलं की डावीकडे. इतक्या वर्षांत "नक्की ना?" असं एकदाही विचारलं नाही हो त्यानं.

गावातून निघताना कॅफेसमोरच्या बाकावरून म्हातारा लेओन्स ओरडला, "अरे, मागची बाई पेडल मारत नाहीये!" जन्मभर प्रत्येक गावात हाच एक विनोद. मार्सियालचं उत्तरही ठरलेलं, "वजन म्हणून घेतलीय, उतारावर कामी येते!" मी त्याच्या पाठीत गुद्दा घातला. वन्सं, तो हसला. अगदी पूर्वीसारखा.

पुढच्या गावातली बेकरी बंद पडलीय, तिथं नाणं टाकलं की पाव देणारं यंत्र बसवलंय. ते घरघरलं तसा हा घाबरला. आत माणूस कोंडलाय म्हणाला. हाताला धरून बाजूला नेलं.

पाणी नेहमीसारखं कबरस्तानाच्या नळावर भरलं. "या मंडळींचा नळ कधी आटत नाही," म्हणाला. तिथंच भिंतीच्या सावलीत लोणी आणि हॅम घातलेला पाव खाल्ला. खाताखाता मला अदबीनं विचारतो, "बाई, तुमचे यजमानही सायकल चालवतात का?" चालवतात म्हटलं. छान चालवतात.

मग दगडी क्रुसाजवळचा फाटा आला. डावीकडे आपलं घर.

"आता?"

मी उजवीकडे म्हटलं.

वन्सं, उजवीकडे वृद्धाश्रम आहे. खोली मिळाल्याचा निरोप आला होता, त्याची बॅग मी आदल्या दिवशीच नेऊन ठेवली होती. त्यानं हात बाहेर काढून मागच्या गाडीला व्यवस्थित इशारा केला आणि वळला. चुकलं, डावीकडे, असं मला ओरडायचं होतं. नाही ओरडले. तुम्हाला आधी विचारलं असतं तर तुम्ही नको म्हणाला असतात आणि मी ऐकलं असतं. मार्चमध्ये तुम्हाला लिहिलं तशी मी पायरीवरून पडले नव्हते. मला चोर समजून तो शेकोटीची सळई घेऊन धावला होता, माझा हात त्यानं मोडला. पण मला रडू येतं ते त्या सळईचं नाही. तो वळला त्याचं येतं.

फाटकाशी थांबून त्यानं पुन्हा विचारलं, "आता?"

"आता उतरायचं," मी म्हटलं. उतरला बिचारा.

पुढच्या सीटवर बसून सायकल चालवायला मी कधी शिकलेच नाही. हातात धरून चालत आणली. बाकावरून लेओन्स ओरडला, "काय बाई, आज पुढचाही पेडल मारत नाही वाटतं!" मी हसले. सवयच झालीय हसायची.

काल आश्रमात फोन केला. तिथली मुलगी म्हणाली, "जेवतात नीट. फक्त येणाऱ्याजाणाऱ्याला विचारतात, आता? आम्ही त्यांना काय सांगायचं, मॅडम?"

मी फोन ठेवला. तुम्ही त्याची थोरली बहीण. तुम्हाला सुचलं तर तिला कळवा. मला यापुढे कुठलाच रस्ता सांगायचा नाही.

जिच्या शब्दावर तो वळला, ती तुमची भावजय,
सोलांज